हातदिव्याची मागची बाजू

निनाद देशकरचं नाव या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे. माझा इलाज नाही. संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" असं कळवलं, आणि माझ्या बहुतेक अनुभवांच्या शेवटी हा माणूस कॉफीचा मग घेऊन उभा असतो. कपडे स्वच्छ, हात स्वच्छ, आणि कौतुक त्याचं.

मी मुळात पत्रकं लिहिणारी. पत्रकाचा एक नियम असतो, पहिल्या ओळीत नाव घ्यायचं, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत कोणी वाचेलच असं नाही. ती सवय सुटलेली नाही, हे वरच्या परिच्छेदावरून कळलंच असेल.

आता व्यवसाय. तो सांगितला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे खेळणी?" खेळणी नाही. अंतराळयानं, परग्रह, यंत्रमानव असलेल्या सिनेमांत पात्रांच्या हातात ज्या वस्तू असतात, त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती मी बनवते. किरणांची बंदूक, वैमानिकाचं शिरस्त्राण, श्वास घ्यायचा मुखवटा. हुबेहूब म्हणजे काय, तर पडद्यावर जिथे ओरखडा आहे तिथेच ओरखडा. तो बोटभर सरकला तर आमचं गिऱ्हाईक फोन करून रडतं. मोठी, कमावती, डोक्यावरचे केस गेलेली माणसं रडतात. त्यांना मी कधीच हसले नाही. ज्याला लहानपणी टीव्हीवर पाहिलेली एखादी वस्तू आयुष्यात एकदा हातात धरावीशी वाटली नाही, त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

हे सगळं मी भिलाईत बसून करते. रूळ बनतात त्या गावात. आमच्याकडे पोरं बोलायला शिकतात तेव्हाच त्यांच्या कानावर माप, गेज, रिजेक्ट हे शब्द पडलेले असतात. म्हणून मला वाटायचं, अचूकतेच्या या धंद्याला याहून योग्य गाव जगात नसेल. या मताचं काय झालं ते पुढे येईलच.

या धंद्यात मी मोर्च्यातून आले. एका ठेकेदाराच्या शेडमधल्या कामगारांना हातमोजे मिळत नव्हते. त्यांच्यासाठी मी पत्रकं लिहायची. "कोऱ्या कागदावर अंगठा लावू नका. अंगठा तुमचा, मजकूर त्यांचा." ही ओळ माझी. पावर हाउस भागातल्या चहाच्या टपऱ्यांवर लोकांना ती पाठ होती. पण नुसत्या पत्रकांनी ठेकेदार हलेना, तेव्हा मी बांबू, रद्दी आणि खळ घेऊन एक माणसाच्या उंचीपेक्षा मोठा हातमोजा बनवला. जळका, भोकं पडलेला, तळव्यावर तेलाचे डाग असलेला. जुनेपणा मी कामगारांचे मोजे समोर ठेवून डाग डाग बघून उतरवला होता. मोर्च्यात एक मावशी त्या मोज्याच्या भोकाला हात लावून म्हणाल्या, "हे त आमच्या घरचंच हाय वो."

मोजे मिळाले. आणि त्याच मोर्च्यात रस्त्याच्या कडेला बाइक थांबवून शेजारच्या दुर्ग शहरातल्या एका मुलानं मला विचारलं, "दीदी, अंतरिक्ष वाला हेलमेट बना दोगी? मेरी शादी है."

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हा नवरदेव. त्याला वरातीत घोडीवर अंतराळवीराचं शिरस्त्राण घालून बसायचं होतं. मी जीव ओतून बनवलं. समोरची काच सोनेरी आरशाची. वरात निघाली, बँडवाल्यांचे दिवे त्या काचेत चमकले आणि घोडीनं मागे वळून पाहिलं. तिनं काय पाहिलं ते तिलाच ठाऊक. नवरदेव मंडपाऐवजी शेजारच्या टायरच्या दुकानात पोचला. शिरस्त्राणाला एकही तडा गेला नाही, हे मी अभिमानानं नोंदवते.

दुसरं लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे स्मृति नगरमधले एक निवृत्त साहेब. त्यांनी किरणांची बंदूक बनवून घेतली आणि आठवड्याभरात परत आले.

"चलती नहीं है."

"सर, सिनेमातलीही चालत नव्हती. प्रकाश नंतर चित्रावर काढतात."

"तो आपने पहले बताना चाहिए था," ते म्हणाले, आणि बंदूक छातीशी धरूनच परत गेले. ठेवून मात्र गेले नाहीत.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं चित्र बघायचं आणि बनवायचं. मूळ वस्तू आपल्याला कधीच बघायला मिळत नाही. ती परदेशात कुणाच्या तरी तिजोरीत असते. आपल्या हाती फक्त सिनेमा. तो एकेका चित्रावर थांबवायचा, आणि ज्याचं माप ठाऊक आहे असं काहीतरी त्या चित्रात शोधायचं. शर्टाचं बटण, सिगारेट, नटीचं बोट. त्यावरून वस्तूचं माप काढायचं. मग लाकडात किंवा मातीत घडवायचं, रबराचा साचा, साच्यातून ओतीव तुकडे, पुट्टी, घासकाम, रंग, आणि शेवटी सुंदर झालेलं सगळं पुन्हा जुनं आणि घाण करायचं. गंमत अशी, की या अंतराळातल्या वस्तू मुळात घरगुती कचऱ्यातूनच बनलेल्या असतात. एका यंत्रमानवाच्या छातीवरचं बटण म्हणजे कुकरची शिट्टी आहे, हे मी पावर हाउसच्या भंगार बाजारात उभी असताना ओळखलं. भंगारवाल्याला मिठी मारायची बाकी होती.

ते ओळखल्याचं मी निनादला सांगितलं. तो म्हणाला, "हो यार, मला वाटलंच होतं."

निनाद माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आला होता. वडील अधिकारी, घर स्मृति नगरात, वरच्या खोलीत एसी आणि एक प्रिंटर, जो संगणकावरचं चित्र प्लास्टिकमध्ये थरावर थर रचून उभं करतो. माझी जागा म्हणजे कॅम्पातल्या, जुन्या कामगार वस्तीतल्या, आमच्या घरामागचा पत्रा. उन्हाळ्यात त्याखाली रबर आपोआप शिजतं. निनाद आला, मुखवटा घेतला, बसला, दुसऱ्या दिवशी परत आला, पुन्हा बसला, आणि विचारत राहिला. मी सगळं शिकवलं. ज्ञान लपवू नये असं मी पत्रकांत लिहीत असल्यामुळे माझ्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.

प्रश्न साधनांचा असता तर मी त्याच्यावर एक उत्तम पत्रक लिहिलं असतं. एसी कोणाला, पत्रा कोणाला. मथळाही सुचला होता. पण त्याची नजर प्रिंटरमधून आलेली नव्हती. आम्ही दोघं एकच चित्र बघायचो. मी तासभर बघून पट्टीनं मापं काढायची, आणि तो बिस्कीट खात म्हणायचा, "ही मूठ उजव्या अंगानं जास्त घासली आहे. बाई डावखुरी असेल." मी पुन्हा सिनेमा बघायची. बाई डावखुरी असायची. वर हा माणूस गोड. आमचे बाबासुद्धा तो आला की स्वतः उठून स्टूल पुसायचे. मी आल्यावर कधी पुसलेलं नाही.

आता हातदिवा.

एक जुना परदेशी अंतराळपट आहे. नाव लिहीत नाही. त्यातली वैमानिक बाई शेवटी एकटी उरते आणि दूरच्या यानाला खूण करायला हातातला दिवा वर धरते. हिंदी डबिंगमध्ये ती म्हणते, "हम यहाँ हैं." एवढंच. मी शाळेत असताना तो टीव्हीवर पाहिला, आणि आईचा पाण्याचा तांब्या उलटा धरून कितीतरी दिवस अंगणात "हम यहाँ हैं" करत फिरले. पुढे आयुष्यात केलेल्या सगळ्या घोषणा याच घोषणेच्या पोटातून निघाल्या, असं मला वाटतं. हा हातदिवा मी पुन्हा पुन्हा बनवला. प्रत्येक वेळी जास्त बरोबर. खाली मूठ, वर चकती, चकतीवर काचेची नळी. पण सबंध सिनेमात त्याची मागची बाजू एकदाही दिसत नाही. ती मी मनानं बनवायची. सुंदर बनवायची. खाचा, बारीक स्क्रू, झडप. निनादच्या दिव्याची पाठ सपाट असायची.

"दिसत नाही तर कायले बनवू?" तो म्हणायचा.

तर हा दिवा, खराखुरा, त्या बाईच्या हातात होता तोच, हैदराबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी परदेशातल्या लिलावात घेतला. बाईंचं माहेर भिलाईचं. भाचीच्या लग्नाला येणार होत्या. आम्ही दोघं हे काम करतो हे त्यांना कळलं होतं. त्यांचा निरोप आला: मूळ दिवा कपाटात राहील, लोकांना दाखवायला एक प्रतिकृती हवी आहे. दोघांनी नमुने बनवा. ज्याचा आवडेल त्याच्याकडे लग्न आटोपेपर्यंत मूळ दिवा ठेवते. बघा, हाताळा, मापं घ्या.

हाताळा. हा शब्द वाचून मी पत्र्याखाली उभ्या उभ्या घामाघूम झाले. घाम तसाही यायचा, पण हा वेगळा होता.

मी नमुना बनवला. एक अडचण होती. सिनेमात ती काचेची नळी किंचित कललेली दिसते. कॅमेऱ्याच्या भिंगामुळे कडेच्या वस्तू अशा कलतात, हे मला ठाऊक होतं. तरी पहिली नळी मी कललेलीच बसवली आणि बाबांना दाखवली. बाबा निवृत्त होईपर्यंत इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला होते. त्यांनी चष्मा लावला आणि खुंटीवरचा गुनिया काढला. गुनिया म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. आमच्या घरात ती देवासारखी टांगलेली असते.

"हे वाकडं कावून हाय?"

"सिनेमात तसंच दिसते बाबा."

"कॅमेरा वाकडा असन. जे बाई यान चालवून राहिली, ते वाकडा दिवा घेऊन जाईन का? कोन पास करन हे?" गुनिया पुन्हा लावला. "रिजेक्ट."

मी नळी काढली आणि सरळ बसवली. काटकोनात. गुनिया आणि नळी यांच्यामध्ये उजेड दिसत नव्हता. वाकडं काम हातून सोडायचं नाही, हे ज्या गावात शिकवलं जातं त्या गावची मी. अजूनही मला यात लाज वाटत नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. सिविक सेंटरमधल्या एका हॉटेलात दोघांचे नमुने टेबलावर ठेवले. त्यांनी माझा उचलला, फिरवला, पाठीवरच्या माझ्या खाचा आणि झडप बघून हसल्या.

"बहुत सुंदर है बेटा. असली से भी अच्छा है." मग खाली ठेवला. "इसीलिए नहीं ले सकती."

निनादच्या दिव्याची नळी कललेली होती. त्यांनी तो निवडला.

"तुले कसं समजलं का खरंच वाकडी हाय म्हणून?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"समजलं नाही ना. दिसली वाकडी, बनवली वाकडी."

बघा. एवढंच. मी भिंगाचा अभ्यास केला, बाबांनी गुनिया लावला, आणि याला दिसली.

मूळ दिवा स्मृति नगरात निनादकडे गेला. मी जाणार नव्हते. निनादचा फोन आला, "येऊन पाहून जा ना यार." मी म्हटलं मला काम आहे. पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याच्या आईचा. "प्रज्ञा, पोहे केलेत बाळा. अन् ह्यानं दोन दिवस झाले काही खाल्लं नाही. काय झालं ते मला तर सांगत नाही."

त्याचं जेवण बंद आहे हे ऐकून मला बरं वाटलं, म्हणून गेले.

वरच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर तो होता. मला वाटलं होतं मी रडेन. तसं काही झालं नाही. तो माझ्या कल्पनेपेक्षा लहान होता आणि फार स्वस्तातला होता. मूठ म्हणजे सायकल पंपाची मूठ. रंगाचे ओघळ तसेच वाळलेले. मी तो उचलला. हलका. मग पालथा केला, आणि इतकी वर्षं मनानं बनवलेली ती पाठ समोर आली. खाचा नाहीत, झडप नाही. सपाटही नाही. नळी आणि चकतीच्या सांध्यात पुट्टीचा एक ओबडधोबड गोळा, आणि त्या गोळ्यात खोल उमटलेला एक अंगठा. रेषांसकट.

"हाच," निनाद म्हणाला. "हाच जमून नाही राहिला."

टेबलाखालच्या खोक्यात त्याचे प्रयत्न होते. ठशाचं चित्र घेऊन प्रिंटरवर काढलेला गोळा नकाशासारखा दिसत होता, मेलेला. मग त्यानं ओल्या पुट्टीत स्वतःचा अंगठा दाबून पाहिला होता. त्याचा अंगठा रुंद, आणि ठसे सगळे पोस्टाच्या शिक्क्यासारखे, मधोमध, नीटनेटके. मूळ ठसा तिरपा होता. एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला घसटत गेलेला.

मी मूळ ठशाकडे बघत राहिले. आणि मला मोर्च्यातला हातमोजा आठवला. त्याचं बांबूचं बोट खळ ओली असतानाच पडायला लागलं होतं, आणि मी ते मिळेल त्या हातानं धरून ठेवलं होतं, वाळेपर्यंत.

"तिनं दाबलं नाही रे," मी म्हटलं. "नळी पडायला लागली होती. तिनं पडता पडता धरली. म्हणून तर वाकडी आहे."

निनादनं दिवा घेतला, ठसा पाहिला, नळी पाहिली. "तिनं?"

ठसा लहान होता. मी माझा अंगठा त्यात टेकवला. बसला. त्या सिनेमाच्या शेवटची नावं मी शाळेपासून वाचत आले आहे. वस्तू बनवणाऱ्या विभागाच्या प्रमुखाचं नाव आहे, त्याच्या सहायकाचं आहे. ही कोणी नाही.

"तुझा अंगठा दे," निनाद म्हणाला.

मी हसले. ते हसू चांगलं नव्हतं. "अंगठा माझा, काम तुझ्या नावाचं?"

"पाहा ना यार, माझ्याच्यानं होत नाही."

मला नाही म्हणायचं होतं. चार माणसांसमोर नाही म्हणायची भाषणंही मला येतात. पण तो गोळा चुकीचा राहणार होता. हैदराबादच्या कुठल्याशा दिवाणखान्यात तो पोस्टाचा शिक्का लोक बघणार होते आणि त्याला खरा समजणार होते. ते मला त्याच्या कौतुकापेक्षाही सहन होईना. मी बाह्या वर केल्या.

पुट्टी लावली, नळी उभी केली, आणि सोडून दिली. ती कलायला लागली. मी ती पडू दिली, आणि अगदी शेवटी अंगठ्यानं अडवली. पुट्टी घट्ट होईपर्यंत तशीच उभी राहिले. काकूंनी पोहे आणले, निनादनं एकेक चमचा मला भरवला, कारण माझा एक हात अडकलेला आणि दुसरा पुट्टीनं भरलेला. इतकं अपमानास्पद जेवण मी कधी जेवले नाही. हात काढला तेव्हा नळी तेवढीच वाकडी होती. मापायची गरज पडली नाही.

बाई दिवा परत न्यायला आल्या तेव्हा मी तिथे होते. मुद्दाम गेले होते. मोर्च्याला जाताना जातात तशी, पोट भरून आणि पायात चपलांऐवजी बूट. त्यांनी दोन्ही दिवे पालथे केले. एका ठशात बोट घातलं, मग दुसऱ्यात. कितीतरी वेळ.

"निनाद, ये कैसे किया?"

मी तयार होते. डोक्यात पत्रक लिहून झालं होतं, मथळ्यासकट. आता त्यानं फक्त "मैंने" म्हणायचा अवकाश होता. तो एक शब्द मला आयुष्यभर पुरला असता.

"मैंने नहीं किया," निनाद म्हणाला. "मुझसे तो हुआ ही नहीं. ये प्रज्ञा का अंगूठा है. और टेढ़ा क्यों है, वो भी इसी ने समझा. मैंने बस टेढ़ा देखा और टेढ़ा बना दिया." आणि कॉफीचा घोट घेतला.

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि अंगठा नाडी बघावी तशा गंभीरपणे पाहिला. मी बूट घातलेले पाय मागे घेतले.

आता त्या दिवाणखान्यातल्या दिव्याखाली पितळी पट्टी आहे. तिच्यावर दोन नावं आहेत, माझं आधी. ते निनादनं सांगून करून घेतलं, मला न विचारता. त्याच्याविरुद्ध लिहायला माझ्याकडे आता एक ओळ उरलेली नाही.

माझा नाकारलेला दिवा आमच्या घरी टीव्हीवर असतो. परवा बाबांनी पुन्हा त्याला गुनिया लावला आणि "पास" म्हणाले. निनाद आला होता, त्याच्यासाठी पुसलेल्या स्टुलावर बसला होता. त्यानं दिवा हातात घेतला, डोळ्यासमोर धरला.

"कित्ती सरळ हाय यार," म्हणाला. "माझ्याच्यानं कधी असं सरळ होत नाही."

मनापासून म्हणाला, मेला.